वहीतली नावं

पुणे,
भाद्रपद वद्य पंचमी

चि. मुक्ता हिस,


तुझं पार्सल परवा पोचलं. 'डेथ नोट'चे बाराही खंड वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले, आणि वर वहीच्या फाडलेल्या पानावर तुझ्या दोन ओळी. 'हे मला खोलीत नकोत. आणि तुझ्या जपानी लोकांना काय वाटतं, माणूस मेल्यावर कुठं जातो?'

लगेच उत्तर लिहायला बसले होते. पानभर झालं आणि कागद फाडला, कारण वर्गात सांगते तसंच उतरत होतं. तू काही माझ्या वर्गातून विचारलेलं नाहीस.

पहिला खंड तुझ्या दहावीनंतर मीच तुझ्या हातात ठेवला होता. एका शाळकरी पोराला मृत्युदेवाची वही सापडते, तीत ज्याचं नाव लिहील तो मरतो. मरणाचं कारण लिहिलं नाही तर ४० सेकंदांत हृदय बंद पडतं. मला तेव्हा त्यातली बुद्धिबळासारखी चढाओढ आवडली होती, तुलाही आवडेल असं वाटलं. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडायच्या तोंडावर, दुकानात पालकांची रांग लागलेली असताना तुझा बाबा, विनू, गल्ल्यामागे खाली बसला तो उठलाच नाही. त्या रात्री तू माझ्या कुशीत तोंड खुपसून म्हणालीस, 'आत्या, चाळीस सेकंदसुद्धा नसतील लागले.' ती पुस्तकं तू इतके दिवस खोलीत ठेवलीस हेच खूप झालं.

मग तेराव्यापर्यंत जो येईल तो तेच म्हणत होता. तेवढंच लिहिलेलं होतं. कपाळीचं चुकत नाही. बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, ती मी नाकारत नाही. पण चौथ्या दिवशी तू ताटावरून उठलीस आणि विचारलंस, 'कुणी लिहिलं? मला ती वही दाखवा.' सगळे गप्प झाले. मीही गप्प राहिले, आणि ते मला गेले तीन महिने टोचतंय. त्या प्रश्नापायी मी माझी सगळी जुनी मांगा कपाटातून काढली आणि रात्री-रात्री पुन्हा वाचली. एक गोष्ट मला या खेपेला दिसली, आधी कधी दिसली नव्हती. भुताखेतांच्या, मृत्युदेवांच्या या चित्रकथा काढणाऱ्यांना माणूस मेल्यावर कुठं जातो याची फारशी चिंता नाही. ते तुझाच प्रश्न विचारतात: वही कुणाच्या हातात आहे?

आधी यमाचं सांगते, तो आपल्याकडूनच तिकडे गेला. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृतातला यमराज चीनला पोचला, तिथून जपानला, आणि 'एनमा' झाला. चीनमध्ये त्याला न्यायाधीशाचा झगा मिळाला आणि सोबतीला आणखी नऊ राजे. मेलेल्याने सात-सात दिवसांनी एकेका राजापुढे उभं राहायचं. एनमा पाचवा, त्याची पाळी पस्तिसाव्या दिवशी. एकोणपन्नासाव्या दिवशी पुढचा जन्म ठरतो, म्हणून जपानी घरांत तो दिवस पाळतात, आपण तेरावा पाळतो तसा. वाटेत वैतरणीसारखी सान्झु नदी आहे. ती ओलांडायला प्रेताबरोबर सहा नाणी द्यायची रीत. हल्ली धातू चितेत चालत नाही म्हणून कागदावर छापलेली देतात. एनमाजवळ एक आरसा असतो, त्यात माणसाने केलेलं सगळं दिसतं, आणि वही असते, 'एनमा-चो'. जपानी मुलं मास्तरांच्या गुणांच्या वहीलाही हाच शब्द वापरतात. मुलांचे गुण भरायला बसले की मला तो शब्द आठवतो आणि पेन जरा जपून चालतं.

वह्या तिथेच संपत नाहीत. देवळात आणि देवघरात 'काको-चो' असते, गेलेल्यांची वही. मेल्यावर भिक्षू माणसाला नवं नाव देतो, ते आणि मरणाची तारीख तीत लिहितात. अमका वारला हे लेखी भाषेत सांगायचं तर त्याचं नाव मृतांच्या नोंदवहीत गेलं, असा वाक्प्रचार आहे. मरण म्हणजे एका वहीतून दुसऱ्या वहीत नाव जाणं. इतक्या वह्यांच्या देशात कधीतरी कुणीतरी त्या उघडून बघणारच होतं.

नरकाची चित्रं त्यांच्याकडे फार जुनी. ९८५ साली गेनशिन नावाच्या भिक्षूने 'ओजोयोशू' या ग्रंथात नरकांची वर्णनं अशी केली की वाचणाऱ्याची झोप उडावी. बाराव्या शतकात त्याच नरकांचे चित्रपट्ट रंगवले गेले. गरुडपुराण ऐकताना तू कानांवर हात ठेवलेस, तसं तिथंही कुणी केलं असेल. आजच्या मांगाने त्या नरकांचं काय केलं ते बघ. नात्सुमी एगुची या लेखिकेने २०११ पासून २०२० पर्यंत 'होझुकी नो रेइतेत्सु' काढली. तीत नरक म्हणजे एक प्रचंड सरकारी कचेरी आहे. २७२ विभाग, मेलेल्यांची संख्या वाढत चाललेली, माणसं अपुरी. एनमा हा प्रेमळ, भोळसट, थोराड साहेब, आणि सगळा कारभार ओढतो त्याचा सचिव होझुकी. वाचायला ती हलकीफुलकी आहे. पण होझुकी कोण, हे कळतं तेव्हा पान उलटवत नाही. पाऊस पडावा म्हणून गावाने बळी दिलेलं ते एक अनाथ पोर होतं. नरकातला प्रत्येक हिशेब इतक्या कडक शिस्तीने तो ठेवतो, आणि त्याच्या स्वतःच्या मरणाचा जाब कुणी कुणाला विचारला नव्हता.

वहीत चूक होऊ शकते, हे मला पहिल्यांदा दाखवलं योशिहिरो तोगाशी यांच्या 'यू यू हाकुशो'ने. १९९० ते १९९४, १९ खंड. पुढे ती मारामाऱ्यांकडे वळते, त्यातलं मला फार काही सांगायचं नाही. पण तिची सुरुवात मी तुझ्यासाठी पुन्हा वाचली. युसुके हा चौदा वर्षांचा उनाड मुलगा, शाळा बुडवणारा, आईला जड झालेला. चेंडूमागे रस्त्यावर धावलेल्या एका लहान मुलाला वाचवायला तो झेप घेतो आणि गाडीखाली मरतो. वर गेल्यावर पैलतीराची वाटाडी बोतान त्याला सांगते की हे मरण ठरलेलंच नव्हतं. तू असं काही चांगलं करशील असं परलोकात कुणाला वाटलंच नाही, म्हणून तुझ्यासाठी स्वर्गातही जागा ठेवलेली नाही आणि नरकातही. आणि ते मूल? तू धावला नसतास तरी ते वाचणारच होतं.

त्या ओळीवर मी पुस्तक मिटलं होतं. केवढं क्रूर वाटतं, नाही? जीव दिला तो फुकट. पण तोगाशी तिथं थांबत नाहीत. युसुके आपल्याच घरी, आपल्याच प्रेताजवळ जातो. त्याची दारूडी आई भिंतीला टेकून बसली आहे, शून्यात बघत. रोज भांडणारा कुवाबारा आरडाओरडा करतोय, उठ म्हणून. केइको रडतेय. आणि ते लहान मूल आईचं बोट धरून आलंय. हे सगळं बघितल्यावर, मगच, युसुके परत यायचं ठरवतो. वहीने त्याला काडीइतकी किंमत दिली नव्हती. ती किती होती हे त्याला त्या खोलीत कळलं. वही चुकली, कारण वही लिहिणाऱ्यांनी माणसाबद्दल आधीच मत करून ठेवलं होतं. 'तेवढंच लिहिलं होतं' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो इथेच, मुक्ता. ते लिहिणाऱ्याला कधी विचारतच नाहीत की बाबा रे, तू नीट बघून लिहिलंस का?

आता 'डेथ नोट'. ती मी टाकून देणार नाही. तुझ्या खोलीत नको हे खरं, माझ्याकडे राहू दे. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी काढलेली ती कथा डिसेंबर २००३ पासून मे २००६ पर्यंत आली. तिच्यातला र्‍युक हा मृत्युदेव आपली वही पृथ्वीवर टाकतो, का, तर कंटाळा आला म्हणून. ती लाइट यागामीला सापडते, पहिला नंबर काढणारा, देखणा, शिस्तीचा मुलगा. तो गुन्हेगारांची नावं लिहायला लागतो आणि बघता बघता स्वतःला नव्या जगाचा देव समजू लागतो. वही हुशार माणसाच्या हाती आली तरी न्याय होत नाही, उलट तो माणूसच माणूस राहत नाही, एवढं तर तुलाही पहिल्याच वाचनात कळलं होतं. सुरुवातीला र्‍युक त्याला बजावतो की ही वही वापरणारा माणूस स्वर्गातही जाणार नाही आणि नरकातही. शेवटाजवळ त्या वाक्याचा अर्थ उघडा होतो: दोन्ही मुळात नाहीतच. मेल्यावर सगळे एकाच ठिकाणी जातात, जिथं काहीच नाही. तुझ्या प्रश्नाचं हे एक सरळ उत्तर, आणि ते देणारी मांगा तू मला परत पाठवलीस.

पण त्या बारा खंडांत एक छोटीशी गोष्ट आहे, ती तुला आठवते का बघ. जेलस नावाचा एक कुरूप, लहानसा मृत्युदेव वरून एका मुलीकडे बघत बसायचा. मृत्युदेवांना माणसाच्या डोक्यावर त्याचं उरलेलं आयुष्य आकड्यांत दिसतं. तिचा त्या दिवशी शेवटचा दिवस होता. तिच्यावर सुरा घेऊन माणूस धावून आला तेव्हा जेलसने त्या माणसाचं नाव आपल्या वहीत लिहिलं. मृत्युदेवांचा नियम असा की माणसाचं आयुष्य वाढवायला कुणाला मारलंत तर तुम्ही मरता. जेलसचा चुरा झाला, आणि त्याचं उरलेलं सगळं आयुष्य तिच्या आकड्यात मिळवलं गेलं. वहीतली बेरीज बदलते, मुक्ता, पण कुणीतरी स्वतःची शिल्लक तीत ओतली तर.

सावित्रीने तेच केलं की, फक्त तिने आयुष्याऐवजी शब्द ओतले. मरणाचा दिवस वर्षभर आधी ठाऊक असताना ती यमाच्या मागे चालत राहिली, बोलत राहिली. विनू गेला त्याच्या तीनच दिवस आधी तुझ्या आईने वडाला सूत गुंडाळलं होतं. तिला कुणी मागे चालूही दिलं नाही, बोलूही दिलं नाही. सकाळी साडेअकराला दुकानातून फोन आला एवढंच. आणि तिलाच सगळे सांगत होते, लिहिलेलं होतं म्हणून. त्या दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मला ते बरोबर वाटतं.

ओसामु तेझुकांचं 'हि नो तोरी', अग्निपक्षी, तू वाचलेलं नाहीस. १९५४ पासून ते १९८९ मध्ये जाईपर्यंत ते त्यावर काम करत होते, तरी ते अपुरंच राहिलं. त्यातला नारा काळातल्या दोन मूर्तिकारांचा भाग फार थोर मानतात, आणि तो आहेही. त्यात एक कलाकार अहंकाराने वाया जातो आणि मरताना त्याला सांगितलं जातं की तू पुन्हा कधीच माणूस होणार नाहीस. आधी सूक्ष्म जंतू, मग कासव. मी ते पान कितीदा तरी पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी त्या न्यायाशी भांडले आहे. कर्माची वही इतकी काटेकोर असेल तर तिच्यात आणि लाइटच्या वहीत काय फरक? तेझुका डॉक्टरकी शिकलेले होते, जीव लहान-मोठा नसतो हे त्यांना म्हणायचं असेल. तरीही.

यापेक्षा मला शिगेरु मिझुकींचं म्हणणं जवळचं वाटतं, आणि त्यांच्याबद्दल तुला थोडं जास्त सांगणार आहे.

मिझुकींचा जन्म १९२२ चा. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर साकाइमिनातो नावाचं मासेमारीचं गाव आहे, तिथं ते वाढले. घरी एक म्हातारी यायची, तिला सगळे नोननबा म्हणत. तिने या पोराला अदृश्य जग दाखवलं. छतावरचा ओलीचा डाग म्हणजे रात्री येऊन छत चाटणाऱ्याची खूण, असं ती सांगायची, आणि पोरगा अंथरुणात पडल्या पडल्या तो डाग बघत राहायचा. तिच्यावर त्यांनी पुढे चित्रकथा काढली, तिला २००७ मध्ये फ्रान्समधल्या अंगुलेम महोत्सवात सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. मी त्या गावी गेले होते. स्टेशनपासून निघणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांच्या भुतांच्या, योकाइंच्या कांस्यमूर्ती आहेत. पाऊस पडत होता. काही मूर्तींची डोकी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी घासून पिवळी चकचकीत झाली आहेत, आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्याची पितळ होते तशी. त्यांचा सगळ्यांत लाडका नायक कितारो, तो तर थडग्यातच जन्मला: मेलेल्या आईच्या पोटातून, माती उकरून बाहेर आलेला. बापाचा फक्त एक डोळा उरलाय, तो मुलाच्या केसांत राहतो आणि त्याला सल्ले देतो. मेलेला बाप मुलाच्या डोक्यावर बसून जग बघतो, हे चित्र मी तुला विनू असताना दाखवलं होतं तेव्हा तू 'ई' म्हणाली होतीस.

पण मिझुकींची मला सांगायची गोष्ट भुतांची नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांना पकडून सैन्यात घातलं आणि आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर पाठवलं. पहाऱ्यावर उभे होते म्हणून एकदा वाचले. बाकीची तुकडी मारली गेली. १९४४ मध्ये हिवतापाने अंथरुणाला खिळलेले असताना बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. उरलेल्या हाताने त्यांनी २०१५ मध्ये, ९३ व्या वर्षी जाईपर्यंत चित्रं काढली. १९७३ मध्ये त्यांनी त्या बेटावरची कथा काढली. तीत एक तुकडी शेवटच्या आत्मघाती हल्ल्यासाठी पाठवली जाते. मुख्य ठाण्याने वर कळवूनही टाकलं की सगळे वीरमरण पावले. आणि मग कळतं की काही जण जिवंत आहेत. कुणाला आनंद होत नाही. यादीत मेलेले आहेत ना, मग मेलेच पाहिजेत. जिवंत माणसांना यादीशी जुळवून घ्यायला पुन्हा मरायला पाठवतात, आणि ते मरतात.

मी भुतांच्या शंभर मांगा वाचल्या असतील, पण इतकी भयानक वही दुसरीकडे पाहिली नाही. ती एनमाने लिहिलेली नव्हती, कोणा कचेरीत बसलेल्या माणसाने लिहिली होती, आणि तिला नशीब म्हटलं जात होतं. ज्यांनी ती वही जवळून पाहिली, त्यांनी आयुष्यभर भुतांची बाजू घेतली. मिझुकींची भुतं म्हणूनच मला कधी भीतीदायक वाटत नाहीत. यादीबाहेर राहिलेल्यांना त्यांनी जागा दिली.

'किमेत्सु नो याइबा'चं एकच सांगते, कारण ती तुझी आवडती आणि ती तुझ्यापेक्षा मला जास्त समजली आहे असा माझा दावा नाही. कोयोहारु गोतोगे यांच्या त्या २३ खंडांत राक्षस मरताना त्यांना आपलं माणूसपण आठवतं. वस्तीतल्या सर्वांत खालच्या थरात जन्मलेला ग्युतारो मेल्यावर काळोखाकडे चाललाय आणि बहिणीला सांगतोय, तू उजेडाकडे जा. ती ऐकत नाही. त्याच्या पाठीवर उडी मारून गळ्याला मिठी घालते, आणि ती दोघं तशीच नरकात जातात. नरक आहे, ज्वाळा आहेत, पण एकटं जावं लागलं नाही. 'कुठं' यापेक्षा 'कुणाबरोबर' हे मोठं, असं ते चित्र मला दर वेळी सांगतं.

आणि आता ज्या मांगासाठी हे सगळं पत्र, ती. युकी मिदोरिकावा यांची 'नात्सुमे युजिन्चो'. २००३ पासून सुरू आहे. मी मुद्दाम शेवटी ठेवली.

नात्सुमे हा आईबाप नसलेला मुलगा, या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे ढकलला गेलेला. त्याला योकाइ दिसतात, इतरांना दिसत नाहीत, म्हणून तो खोटारडा ठरतो. त्याच्या आजीलाही ते दिसत होते. तिचं नाव रेइको. तीही एकटी होती, आणि एकटेपणापायी ती भेटेल त्या योकाइला खेळाचं आव्हान द्यायची, हरवायची आणि त्याचं नाव एका कागदावर लिहून घ्यायची. त्या कागदांची वही झाली. ज्याचं नाव वहीत, त्याला हाक मारली की त्याने यायलाच हवं; कागद जाळला तर त्याचा जीव गेला. म्हणजे हीसुद्धा मरणाचीच वही. फक्त ज्या मुलाच्या हाती ती वारशाने आली, तो ती वापरत नाही. तो नावं परत करतो. एकेक योकाइ येतो, मुलगा पान शोधतो, तो कागद दातांत धरतो, टाळी वाजवतो आणि श्वास सोडतो. शाई कागदावरून उठते आणि ज्याची होती त्याच्याकडे जाते. त्या क्षणी त्याला आजी दिसते: त्या योकाइला कशी भेटली, काय बोलली, कशी हसली. आजीला त्याने कधी पाहिलेलं नाही. तिच्याबद्दल त्याला जे काही कळतं, ते असं एकेक नाव परत करताना कळतं.

त्यातली पहिल्याच खंडातली दवदेवाची गोष्ट वाच. तो मूळचा देव नव्हताच. भटकता भटकता एका वाटेवरच्या देवळीत येऊन राहिला. कुणीतरी पीकपाण्याचं मागणं घातलं, योगायोगाने ते फळलं, आणि गाव त्याला भजू लागलं. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागतो तसंच. लोक कमी होत गेले तसा तो लहान होत गेला, आता अंगठ्याएवढा उरलाय. एकच बाई अजून येते, हाना. तरुणपणी येत होती, म्हातारी झाली तरी येत राहिली. तो तिला दिसत नाही. ती आजारी पडते आणि जाते, आणि तिच्याबरोबर तोही विरायला लागतो. नात्सुमे कळवळून म्हणतो, मी करतो तुझी पूजा. तो नको म्हणतो; तू माझा मित्र आहेस, भक्त नाहीस. आणि ज्या बाईकडे तो आयुष्यभर नुसता बघत राहिला, तिच्यामागे आनंदाने निघून जातो.

तू त्या दिवशी म्हणालीस, ती वही दाखवा. एक वही मी पाहिली आहे. तुझ्या जन्मानंतर सहाव्या रात्री, सटवीच्या पूजेला. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं, रात्री सटवी येऊन बाळाचं नशीब लिहिते. तुझ्या आजीने कागद मागितला तर विनू दुकानातून अख्खी शंभर पानी वही घेऊन आला, नवी कोरी, आणि नवं पेन, टोपण काढून तपासलेलं. म्हणाला, एका कागदावर कसं मावेल? रात्रभर मी त्या खोलीत होते. सकाळी उठून मी ती वही उघडली, मला आपलं बघायचंच होतं. शंभरही पानं कोरी होती. पुढे आजीने तीत दुधाचा हिशेब लिहिला.

यंदा विनूचं वर्ष व्हायचं आहे, म्हणून त्याचा महालय नाही. तिकडे जपानमध्ये ऑगस्टच्या मध्यावर ओबोन झाला, पितर घरी येऊन गेले. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. येताना घोड्यावरून लवकर यावं आणि जाताना गाईवरून सावकाश जावं. मी यंदा दोन्ही करून खिडकीत ठेवले. हे तुझ्या आईला सांगू नकोस, किंवा सांग.

दुसरी एक वही माझ्याकडे आहे. दुकान बंद करताना तुझी आई विनूची उधारीची वही कृष्णेत सोडणार होती, ती मी मागून घेतली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांब. तीत ६२ नोंदी आहेत आणि नाव जवळजवळ एकही नाही. 'पोस्टातले, चष्मा.' 'जुळ्यांची आई.' चेहरे त्याला सगळे पाठ होते, नावं त्याने कधी विचारलीच नसावीत. गेल्या रविवारी मी वाईला गेले आणि पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली. 'रिक्षावाले, शाळेमागे. लाँगबुक ६, कंपास १. ३४०.' शोधायला तासभर गेला. मी वही दाखवली तर ते गृहस्थ आत जाऊन पैसे घेऊनच आले. मी नको म्हणणार होते, पण विनूने घेतले असते, म्हणून घेतले, आणि नोंदीवर रेघ ओढली. मग त्यांनी मुलीला हाक मारली. सातवीतली आहे. ती दप्तरातून सहाही वह्या घेऊन आली. प्रत्येकीच्या लेबलावर तिचं नाव, इयत्ता, तुकडी, विषय, सगळं तुझ्या बाबाच्या अक्षरात. ते म्हणाले, 'मला लिहायला नीट येत नाही. दुकानदार दर जूनला म्हणायचे, नाव घातल्याशिवाय वही द्यायची नाही. गर्दी असली तरी थांबवून ठेवायचे आणि लिहून द्यायचे.' हे मला माहीत नव्हतं, मुक्ता. तुला होतं का?

६१ राहिल्यात. पुढची नोंद आहे 'घाटावरची, लोणचंवाली, १८५'. मी घाटांवर विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. तू लहानपणी बाबाबरोबर संध्याकाळी घाटावर जायचीस, तुला ती आठवत असेल. दिवाळीच्या सुट्टीत कधी येतेस ते कळव, म्हणजे मी वही घेऊन थेट वाईलाच येते.

तुझी,
आत्या